लाल उजेडात कुंकू का दिसत नाही

आकाशकंदिलाला लावतात तो लाल जिलेटिन कागद घ्या. त्याच्या तीन-चार घड्या करून मोबाइलच्या टॉर्चवर रबरबँडने बसवा. पांढऱ्या कागदावर कुंकवाचं एक बोट ओढा, शेजारी हळदीचं एक बोट ओढा आणि बाजूला कढीपत्त्याची काडी ठेवा. आता खोलीतले सगळे दिवे घालवा, पडदे ओढा आणि फक्त तो लाल टॉर्च लावा. मिनिटभर डोळे सरावू द्या.

कढीपत्ता काळा दिसेल. हळद आणि कागद यांतला फरक जवळजवळ नाहीसा होईल. कुंकवाचं बोट तर शोधावं लागेल, इतकं ते कागदात मिसळून जाईल. पांढरा, पिवळा आणि लाल हे तिन्ही रंग एकच होऊन बसतात. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे जरूर दाखवा. रंगाबद्दल पुढे जे सांगायचं आहे, त्याचं बीज या एका प्रयोगात आहे.

बहुतेकांची अपेक्षा उलटी असते. लाल वस्तूवर लाल उजेड टाकला की ती आणखी लालभडक दिसेल, असं वाटतं. पण कुंकू स्वतःचा लाल रंग बाहेर सोडत नाही. त्याच्यावर जो उजेड पडतो, त्यातला निळा आणि हिरवा भाग ते गिळतं आणि लाल भाग परत पाठवतं. पांढरा कागद काहीच गिळत नाही, जे येईल ते परत करतो. उजेडात फक्त लालच असेल तर कुंकू काय करतं? लाल परत करतं. कागद काय करतो? तोही लाल परत करतो. दोघांच्या वागण्यात फरक दिसायला जो निळा-हिरवा उजेड लागतो, तो आलेलाच नाही. हळद गिळते ती मुख्यतः निळा उजेड. तो इथे नसल्यामुळे तीही कागदासारखीच वागते. कढीपत्त्याचा खाक्या वेगळा आहे. तो लाल गिळतो आणि हिरवा परत करतो. हिरवा आलाच नाही, मग परत काय करणार? म्हणून तो काळा.

तेव्हा वस्तूजवळ असते ती एक ठरलेली सवय: कुठला उजेड गिळायचा आणि कुठला परत करायचा. ही सवय दिवसा-रात्री, घरात-बाहेर बदलत नाही. पण त्या सवयीतून आपल्याला दिसणारा रंग मात्र समोर कोणता उजेड आला आहे त्यावर ठरतो. आणि त्यानंतर डोळा आणि मेंदू त्याचं काय करतात, त्यावरही.

हा शेवटचा भाग फ्रान्समधले गणितज्ञ गास्पार मोंज यांनी १७८९ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीत फार सुंदर दाखवला होता. समोरच्या भिंतीवर लाल कागद लावलेला होता आणि जमलेल्या विद्वानांना तो लाल काचेतून बघायला सांगितला होता. लाल काचेतून लाल कागद गडद लाल दिसायला हवा होता, पण तो पांढुरका दिसला. सगळं दृश्यच लाल झालं की सर्वांत उजळ दिसणाऱ्या गोष्टीला मेंदू पांढरं मानतो. मोंज यांना हे त्या काळात कळलं होतं की आपण एकेका ठिपक्याचा रंग सुटा बघत नाही, सगळ्या दृश्यातला उजेड कसा आहे याचा अंदाज घेऊन मग रंग ठरवतो. याकडे पुढे परत येऊ.

आधी उजेडाकडे बघू. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. जांभळ्या-निळ्याची तरंगलांबी कमी, मधे हिरवा, मग पिवळा, नारिंगी आणि शेवटी लाल. दुपारच्या सूर्यप्रकाशात या पट्ट्यातली प्रत्येक तरंगलांबी भरपूर असते, कुठेही मोठी फट नसते. म्हणून दिवसाच्या उजेडात प्रत्येक वस्तूला आपली सवय पूर्णपणे दाखवता येते. माणसाने बनवलेल्या दिव्यांचं तसं नाही. कुणात निळा कमी, कुणात लाल कमी, तर कुणात मधली पट्टीच्या पट्टी गायब.

टोकाचं उदाहरण सोडियमच्या दिव्याचं. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा दोनच तरंगलांबींचा असतो: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. दोन्ही इतक्या जवळ की डोळ्याला एकच पिवळा दिसतो. या दिव्याखाली जगात रंग उरतच नाही. लाल टोमॅटो, हिरवी मिरची, निळा शर्ट, सगळं पिवळ्याच्या कमी-जास्त उजळ छटांत दिसतं. कारण प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला जातो: ५८९ चा किती भाग परत करतेस? उत्तर कमी किंवा जास्त एवढंच असू शकतं. आपल्या रस्त्यांवर अनेक वर्षं होते ते केशरी-पिवळे दिवे मुख्यतः जास्त दाबाच्या सोडियमचे. त्यांचा पट्टा थोडा रुंद असतो, म्हणून रंग अगदीच मरत नाहीत, पण निळी गाडी काळी आणि लाल गाडी तपकिरी दिसायला तेवढं पुरतं. एलईडी येण्याआधी रात्री मोठ्या पार्किंगमध्ये आपली गाडी रंगावरून ओळखणं अवघड जायचं, ते यामुळे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. एका भिंतीवर सोडियमचा पिवळा उजेड टाका. शेजारच्या भिंतीवर एक लाल आणि एक हिरवा दिवा एकत्र टाका आणि दोघांचं प्रमाण जुळवून घ्या. दोन्ही पांढऱ्या भिंती हुबेहूब सारख्या पिवळ्या दिसतील. कितीही निरखून बघा, डोळ्याला फरक कळणार नाही. आता दोन्हींसमोर एकेक टोमॅटो आणि एकेक मिरची धरा. सोडियमसमोर दोन्ही मळकट पिवळ्या. लाल-हिरव्या मिश्रणासमोर टोमॅटो चक्क लाल आणि मिरची चक्क हिरवी. उजेड बघितला तर सारखा, पण त्या उजेडातल्या वस्तू वेगळ्या.

हे कसं होतं ते समजायला डोळ्याच्या आत जावं लागतं. रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी आपल्या दृष्टिपटलात तीनच प्रकारच्या असतात. एक प्रकार ४२० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, दुसरा ५३० च्या आसपास आणि तिसरा ५६० च्या आसपास. प्रत्येकाचा आवाका रुंद आहे आणि ते एकमेकांवर चढलेले आहेत. डोळ्यात शेकडो तरंगलांबींचा प्रकाश शिरतो, पण मेंदूकडे जातात ते या तीन पेशींचे तीन आकडे. महिन्याच्या वाणसामानाची लांबलचक यादी असावी आणि घरच्यांना फक्त तीन खात्यांच्या बेरजा कळाव्यात, तसं. दोन घरांच्या तिन्ही बेरजा सारख्या असू शकतात, पण एकाने तूरडाळ भरलेली असेल आणि दुसऱ्याने मूगडाळ. बेरजेवरून ते कळायला मार्ग नाही.

सोडियमचा पिवळा आणि लाल-हिरव्याचा पिवळा यांच्या तिन्ही बेरजा सारख्या येतात. पण टोमॅटोला बेरजेशी देणंघेणं नाही, त्याला पूर्ण यादी दिसते. त्या यादीतला लाल भाग असला तर तो परत करतो, नसला तर नाही. उजेड डोळ्याला कसा दिसतो यावरून त्या उजेडात वस्तू कशा दिसतील हे सांगता येत नाही. दिव्यांबद्दलची आपली निम्मी फसगत या एका गोष्टीत आहे.

उरलेली निम्मी फसगत कुठे होते ते मॅचिंग सेंटरला विचारा. साडीवर ब्लाउजपीस, फॉल आणि अस्तर जुळवायला आपण जातो. काउंटरवरचा माणूस शंभर छटांच्या गठ्ठ्यातून बरोबर एक ओढून काढतो, साडीच्या काठावर ठेवतो, आपण मान डोलावतो. घरी आल्यावर खिडकीजवळ धरलं तर साडी निळसर राणी आणि ब्लाउज लालसर राणी. चूक त्या माणसाच्या नजरेची नसते. रेशमी साडी साधारणपणे एका जातीच्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असते, सुती टू बाय टू दुसऱ्या जातीच्या, आणि पॉलिस्टरचं अस्तर तिसऱ्याच जातीच्या. रेशमाला आम्ल रंग चालतात, सुताला बहुधा धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग, पॉलिस्टरला पाण्यात न विरघळता कणांच्या रूपात धाग्यात शिरणारे रंग. प्रत्येकाची गिळण्याची आणि परत करण्याची सवय वेगळी. एका ठरावीक उजेडात या वेगवेगळ्या सवयींतून त्याच तीन बेरजा निघतात आणि कापडं जुळलेली दिसतात. उजेड बदलला की प्रत्येकाच्या यादीतल्या वेगळ्याच बाबी खर्ची पडतात आणि बेरजा फुटतात.

एकाच धाग्यावर एकाच रंगद्रव्याने रंगवलेले दोन तुकडे मात्र कुठल्याही उजेडात जुळलेलेच राहतात. दोघांची छटा उजेडाप्रमाणे बदलेल, पण बरोबरीने बदलेल. म्हणूनच साडीचंच कापून काढलेलं ब्लाउजपीस कधी दगा देत नाही.

कापड रंगवणारे कारखाने या प्रश्नाने पुरते पिडलेले असतात. त्यांच्याकडे कलर मॅचिंग कॅबिनेट नावाची आतून राखाडी रंगाची पेटी असते. तिच्यात बटणागणिक दिवे बदलता येतात: दिवसाच्या उजेडासारखा, जुन्या पिवळ्या बल्बसारखा, दुकानातल्या ट्यूबसारखा, आणि अतिनील. नमुना आणि रंगवलेला माल शेजारी ठेवून प्रत्येक दिव्यात बघतात. सगळ्यांत जुळला तरच माल पास. दुकानातून साडी दारापर्यंत नेऊन बघणाऱ्या बायका हेच करत आल्या आहेत. दुकानदाराने कंटाळा केला तरी न लाजता न्यावी. फक्त एक भर घालावी असं मला वाटतं: साडी जिथे नेसायची आहे तिथला उजेडही लक्षात घ्यावा. लग्न संध्याकाळी हॉलमध्ये असेल तर दुपारच्या उन्हातली पसंती अर्धीच कामाची.

जाता जाता पैठणीबद्दल. धूपछाव पैठणीचा पदर हलवला की रंग बदलतो, तो प्रकार वेगळा आहे. तिथे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो आणि आपण कुठल्या कोनातून बघतो त्यावर कोण पुढे येतो हे ठरतं. उजेड तोच असला तरी ते होतं.

आता घरातले दिवे एकेक करून बघू, कारण प्रत्येकाची खोड वेगळी आहे.

जुना तारेचा पिवळा बल्ब म्हणजे तापून लाल-पिवळी झालेली टंगस्टनची तार. तिचं तापमान साधारण २७०० केल्विन. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशात फट नसते, सगळ्या तरंगलांबी असतात, पण सारख्या प्रमाणात नाही. या तापमानाला ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश ४५० च्या निळ्याच्या जवळपास सहापट असतो. म्हणून बल्बखाली लाल, केशरी, सोनेरी रंग खुलतात आणि निळे मरगळतात. गडद निळी पँट आणि काळी पँट बल्बच्या उजेडात सारखीच दिसते, कारण निळ्या पँटला परत करायला निळा उजेडच फारसा मिळत नाही. रॉकेलच्या दिव्यात हे आणखी तीव्र. रेल्वेच्या जुन्या सिग्नलमध्ये रॉकेलची ज्योत असायची तेव्हा हिरव्या सिग्नलची काच दिवसा बघितली तर निळसर दिसे. साधी हिरवी काच लावली असती तर पिवळ्या ज्योतीमागून ती पिवळट दिसली असती आणि ड्रायव्हरला सिग्नल ओळखणं धोक्याचं झालं असतं. निळसर काच आणि पिवळी ज्योत मिळून स्वच्छ हिरवा होत असे. त्या काळच्या रेल्वे अभियंत्यांनी ज्योत आणि काच यांचा एकत्र विचार केला होता, हे मला फार आवडतं.

ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्याचा दिसणारा उजेड करतो. जुन्या ट्यूबच्या लेपातून लाल फारच कमी निघायचा, वर पाऱ्याच्या स्वतःच्या निळ्या-हिरव्या रेषा मिसळायच्या. त्या उजेडात माणसं आजारी दिसायची, ते उगीच नाही. पुढे तीन वेगवेगळ्या द्रव्यांचे लेप आले, त्यांतून निळा, हिरवा आणि केशरी-लाल असे तीन टोकदार पट्टे निघतात. मधल्या जागा रिकाम्याच.

एलईडीचं गणित आणखी वेगळं आहे. निळा एलईडी शोधल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्याला नोबेल का, तर पांढऱ्या एलईडीचा पाया तोच आहे. आत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर लेप. थोडा निळा लेपातून तसाच बाहेर येतो, बाकीचा लेप गिळून त्याचा पिवळा करतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. भारतात जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आणि रस्त्यांवरच्या एलईडी दिव्यांची योजना सुरू झाली आणि काही वर्षांत घरांचा आणि शहरांचा उजेडच पालटला. वीज वाचली, हे फार चांगलं झालं. पण या पांढऱ्याच्या यादीत दोन ठिकाणी कमतरता असते. ४८० च्या आसपास, म्हणजे निळ्या आणि हिरव्याच्या मधे, खड्डा असतो. आणि ६२०-६३० नंतर, म्हणजे गडद लालात, उजेड भराभर उतरत जातो. मोरपंखी रंगाची बरीचशी शान त्या खड्ड्याच्या आसपास असते, म्हणून स्वस्त एलईडीखाली मोरपंखी साडी निस्तेज दिसते. गडद लाल म्हणजे कुंकू, डाळिंबाचे दाणे, ताजं मटण, आणि माणसाच्या कातडीखालून झळकणारं रक्त. हे सगळं तिथे फिकं पडतं.

बल्बच्या खोक्यावर वॉर्म व्हाइट किंवा कूल डे लाइट लिहिलेलं असतं, ३००० केल्विन किंवा ६५०० केल्विन असे आकडे असतात. हे आकडे सांगतात तो उजेड डोळ्याला कसा दिसतो ते, म्हणजे बेरीज. वस्तू कशा दिसतील त्यासाठी वेगळा आकडा असतो, त्याला सीआरआय म्हणतात. ठरलेल्या रंगांचे नमुने त्या दिव्यात आणि त्याच छटेच्या आदर्श उजेडात कितपत सारखे दिसतात, यावरून हा आकडा काढतात. तारेच्या बल्बला १००. जास्त दाबाच्या सोडियमला साधारण २५, आणि कमी दाबाच्या सोडियमचा आकडा तर शून्याच्याही खाली जातो. घरगुती एलईडीचा बहुधा ८० च्या आसपास असतो.

८० ऐकायला भरपूर वाटतं, पण इथे एक गोम आहे. हा आकडा ज्या आठ नमुन्यांवरून काढतात ते सगळे फिके, मवाळ रंग आहेत. गडद लाल नमुना वेगळा मोजतात, त्याला आर-नऊ म्हणतात, आणि तो सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे ८० सीआरआयच्या दिव्याचा आर-नऊ शून्याजवळ, कधी शून्याखालीही असू शकतो. डाळिंब विकणाऱ्याला, चित्रकाराला, जखम बघणाऱ्या डॉक्टरला ज्या रंगाची सर्वांत जास्त गरज, तोच हिशेबाबाहेर! चांगल्या कंपन्या हल्ली ९० किंवा ९५ सीआरआयचे दिवे काढतात आणि आर-नऊचा आकडाही छापतात. बऱ्याच खोक्यांवर मात्र सीआरआय शोधूनही सापडत नाही. वीज किती वाचते हे ताऱ्यांत दाखवतो तसा हा आकडाही ठळक छापायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

इथे एक शंका येईल. उजेड इतका फसवतो तर रोजच्या जगण्यात आपल्याला ते जाणवत का नाही? सकाळी गॅलरीत वाचलेला पेपर रात्री पिवळ्या बल्बखाली वाचला तरी पांढराच वाटतो. खरं तर बल्बखालचा तो कागद डोळ्याकडे केशरी प्रकाश पाठवत असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग आपोआप वजा करणारी सोय, बंद करून फोटो काढलात तर तो केशरीपणा लगेच दिसेल.

मेंदू सतत उजेडाचा अंदाज घेऊन तो वजा करत असतो. शंकू पेशीही सरावतात: केशरी उजेडात लालाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आपली तीव्रता कमी करतात आणि निळ्याच्या पेशी वाढवतात. हे काही मिनिटांत घडतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर वाद पेटला होता. कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. ड्रेस खरोखर निळा-काळा होता. फोटोत उजेडाचा नीट पुरावा नव्हता, त्यामुळे काहींच्या मेंदूने निळसर सावली धरून ती वजा केली आणि त्यांना ड्रेस पांढरा दिसला. काहींनी पिवळा उजेड धरला आणि त्यांना तो निळा दिसला. एकाच घरात बसलेली माणसं एकाच पडद्यावर दोन वेगळे ड्रेस बघत होती.

पण मेंदूच्या या दुरुस्तीला मर्यादा आहे. उजेडात सगळ्या तरंगलांबी असून फक्त प्रमाण बिघडलेलं असेल तर ती छान जमते. म्हणून तारेच्या बल्बखाली आपलं फारसं अडत नाही. यादीतली बाबच गायब असेल, तर जे डोळ्यात शिरलंच नाही ते मेंदू कुठून आणणार? सोडियमखाली कितीही वेळ बसा, निळा शर्ट निळा होत नाही.

या सगळ्याचा व्यापाराने फार पूर्वीच फायदा उचलला. कलिंगडाच्या कापलेल्या फोडींवर लाल कापड ताणलेलं असतं, टोमॅटोच्या हातगाडीवर केशरी छत्री. त्यातून गाळून येणारा उजेड लालाने भरलेला असतो, म्हणून गर अधिक पिकलेला वाटतो. इथे कुंकवाच्या प्रयोगाशी विसंगती वाटेल, पण ती नाही. छत्रीखाली बाजूने साधा उजेडही भरपूर येत असतो, त्यामुळे फरक कळायला लागणारे बाकीचे रंग शिल्लक असतात आणि लालाला फक्त जास्तीचा वाटा मिळतो. मांसाच्या दुकानांत गुलाबी-लाल दिवे लावतात तेही याच कारणाने. शिळं होऊ लागलेलं मांस तपकिरी पडतं आणि तो तपकिरीपणा लाल उजेडात झाकला जातो. चीनने १ डिसेंबर २०२३ पासून बाजारात भाज्या, फळं, मांस-मासळी यांचा खरा रंग लपवणारे असे दिवे लावायला बंदी केली. आपल्याकडेही हा नियम असावा. तोवर मासळी घेताना कल्ल्यांचा लालपणा दुकानातल्या दिव्याखाली न बघता बाहेरच्या उजेडात बघावा.

दवाखान्यात हा प्रश्न आणखी गंभीर होतो. नवजात बाळाला कावीळ आहे का, हे कातडीच्या पिवळेपणावरून बघतात, आणि ते दिवसाच्या उजेडात बघायचं असतं. पिवळ्या बल्बखाली मेंदू पिवळा वजा करतो आणि त्याबरोबर काविळीचा पिवळेपणाही सुटू शकतो. गंमत अशी की काविळीवरचा उपचारही रंगीत उजेडाचाच आहे. ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश कातडीतलं बिलिरुबिन, म्हणजे पिवळेपणा आणणारं द्रव्य, शोषतं आणि त्याचं शरीराबाहेर पडू शकेल अशा रूपात रूपांतर होतं. पण त्या निळ्या दिव्याखाली बाळाचा रंग अजिबात ओळखता येत नाही. कावीळ किती उतरली तेही नाही, आणि ओठ निळे पडलेत का, ही तर जास्त धोक्याची गोष्ट, तीही नाही. म्हणून नर्स बाळाला तपासताना दिवा बंद करते, आणि कावीळ किती ते डोळ्यांवर न सोडता रक्त तपासून ठरवतात. दाताला कॅप बसवताना चांगले दंतवैद्य खुर्चीवरचा मोठा दिवा लावण्याआधी, खिडकीच्या उजेडात छटा जुळवून घेतात आणि बाईंना लिपस्टिक पुसायला सांगतात, तेही याच शहाणपणातून.

चित्रकार उत्तरेकडची खिडकी मागतात, कारण तिथून थेट ऊन येत नाही आणि आकाशाचा स्थिर उजेड मिळतो. मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला कललेला असतो, त्यामुळे तेवढ्या काळात ही खिडकीही पूर्ण भरवशाची नसते.

निसर्गातही उजेड गाळला जातो. तारकर्लीला पाण्याखाली उतरणाऱ्यांना लाल पोहण्याचा पोशाख काही मीटरांतच मळकट दिसायला लागतो. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषतं. वीस-तीस मीटरवर बोट कापलं तर रक्त काळपट हिरवं दिसतं. पाणबुडे म्हणूनच जवळ टॉर्च ठेवतात: पेटवला की तोच लाल रंग क्षणात परत येतो. खोल समुद्रात राहणारे कितीतरी मासे आणि कोळंबी लालभडक असतात. वर आणून बघणाऱ्याला हा भडकपणा कोड्यात टाकतो. पण तिथे खाली लाल उजेड पोचतच नाही, त्यामुळे लाल असणं म्हणजे काळं असणं, म्हणजे शिकाऱ्याच्या नजरेआड असणं.

आता दिवे घ्यायला जाल तेव्हा सगळ्या घरात महागडे घालायची गरज नाही. जिन्यात, गॅलरीत, गाडीच्या शेडमध्ये ८० सीआरआय पुष्कळ. स्वयंपाकघरातला ओटा, आरशाजवळची जागा, कपड्यांचं कपाट, मुलांचं चित्रकलेचं टेबल आणि घरातल्या आजारी माणसाची खोली, एवढ्या ठिकाणी मात्र ९० च्या वरचा घ्या आणि आर-नऊ छापलेला असेल तर तो ५० च्या वर आहे का बघा. खोक्यावर काहीच नसेल तर दुकानात दोन दिवे शेजारी लावायला सांगा आणि त्यांच्याखाली स्वतःचा तळहात धरा. ज्या दिव्याखाली बोटांची टोकं आणि तळव्याचा उंचवटा गुलाबी दिसतो, त्यात लाल भरपूर आहे. ज्याच्याखाली अख्खा तळवा राखाडी-पिवळा दिसतो, तो दिवा जिन्यात लावा.